सत्ताविसावे मशीन

"ठसा एकट्यानं वाचायचा नाही. एकानं कागदावरून वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बघून 'हो' म्हणायचं. अक्षर न् अक्षर जुळलं की मगच पुढे जायचं. आणि नवं बसलं की त्याच हातानं जुनं काढायचं. उद्यावर टाकायचं नाही. कळलं का गं?"

मास्तर हे इतक्या हळू आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावे लागे. आत्ताही फोन कानाला लावून वहिनी तशाच थोड्या पुढे वाकल्या. फोनमध्ये मात्र दुसऱ्या मजल्यावरची मोठी सिस्टर होती आणि तिचा आवाज फोनशिवायही जिन्यातून ऐकू आला असता.

"वहिनी, अहो हे काय झालंय? औषधांची यादी उघडत नाहीये. नुसती लाल चौकट येतेय. ओळख पटत नाही म्हणे! दहा वर्षं रोज तोंड बघतोय एकमेकांचं, आणि आज ओळख पटत नाही!"

"कधीपासून?"

"आत्ता. साडेदहाचं औषध टाकलं, ते गेलं. पुढचं टाकायला गेले तर ही चौकट."

"बरं. तोवर कागदावर लिहून ठेवा. येते मी."

फोन ठेवला तोच शेजारचा वाजला. रक्त तपासणीचे काका. मग औषधांची खिडकी. मग अपघात विभाग. सगळ्यांची एकच तक्रार, आणि सगळ्यांची वेळ एकच, दहा चाळीस.

वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. बारा तारीख होती. चौदाच्या चौकटीभोवती पेन्सिलीने काढलेले वर्तुळ होते. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर टांगताना मास्तरांनीच ते काढले होते. मार्चमध्ये मास्तर गेले. वर्तुळ राहिले.

दवाखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत ते कधीच शिकवायला नव्हते. पण कॉम्प्युटर आले तेव्हा डॉक्टरांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाला माउस धरायला त्यांनीच शिकवले, म्हणून मास्तर. आणि नोंदणीच्या खोलीत कारकून असलेल्या त्यांच्या पत्नी आपोआप साऱ्या दवाखान्याच्या वहिनी झाल्या. पुढे मास्तरांनी त्यांनाही सर्व्हरचे काम शिकवले. घरी जेवताना शिकवले, बसमध्ये शिकवले. वहिनींनी ते स्वयंपाकासारखे हाताने शिकून घेतले. का, कशाला, हे फार विचारले नाही.

एकदाच विचारले होते. दहा वर्षांपूर्वी, सर्व्हर पहिल्यांदा बसवला त्या दिवशी.

"अहो, हे सर्टिफिकेट दिलं कुणी? आणि कुणाला? दोन्ही ठिकाणी तुमचंच नाव."

"बाहेरच्या मोठ्या साइट असतात ना, त्यांना बाहेरची कचेरी लिहून देते, की हा तोच आहे म्हणून. आपला सर्व्हर चार भिंतींतला. त्याला बाहेर कोण ओळखतंय? मग आपणच लिहून द्यायचं. मी तो मीच."

"असं कुणीही म्हणेल!"

"म्हणेलच. म्हणून तर प्रत्येक मशीनपाशी पायी जायचं. माझ्या हातानं आणून दिलंय, त्याच्या आकड्या-अक्षरांचा ठसा वाचून दाखवलाय, म्हणून खरं. दुसरा पुरावा नाही."

"पण दवाखान्याचं नाव घालायचं, तुमचं कशाला?"

"कुणीतरी माणूस जबाबदार पाहिजे. भिंत काय उत्तर देणार?"

ते प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी केले होते; त्यावरूनच प्रत्येक मशीन सर्व्हरला ओळखत असे. मास्तरांनी आपले सरळ तीनशे पासष्ट गुणिले दहा केले आणि तीन हजार सहाशे पन्नास दिवस घातले. मधल्या दोन लीप वर्षांचे दोन दिवस त्यांच्या लक्षातच आले नाहीत. घरातल्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा जुळवून लावणारा माणूस, पण ही चूक त्यांच्या हातून झाली. त्यामुळे चौदाला मरायचे ते प्रमाणपत्र बारालाच, ज्या मिनिटाला केले होते त्याच मिनिटाला मेले.

वहिनींनी मनात चौदा तारीख धरली होती. तेराला रात्री नीट झोपायचे, चौदाला सकाळचा नेम झाला की काम सुरू करायचे, असे ठरवले होते. नेम म्हणजे तरी काय? रोज उठल्यावर कशालाही हात लावण्याआधी अर्धा तास डोळे मिटून हात जोडून बसायचे. चाळीस वर्षे कधी चुकला नाही. मास्तर गेले त्या सकाळीही चुकला नाही. फक्त मार्चपासून त्या अर्ध्या तासात आतून काही येईनासे झाले होते. दाताच्या डॉक्टरांनी सुई टोचल्यावर ओठ असतो, बोटाने चाचपता येतो, पण आपला वाटत नाही, तसे. त्या रडल्याही नव्हत्या. लोक मागून म्हणत, "बाई धीराची आहे हो." वहिनींना माहीत होते, धीर वगैरे काही नाही. सुई उतरलेली नाही, एवढेच.

दारातून साहेब आले. दवाखान्याचा कारभार त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, पण लाल चौकट पाहिली की ती कशी घालवायची एवढेच त्यांना सुचे.

"मॅडम, मी कॉम्प्युटर कंपनीच्या माणसाशी बोललो. तो म्हणतो पाच मिनिटांचं काम आहे. सर्व्हरचं आणि सगळ्या मशीनचं घड्याळ दोन दिवस मागे घ्यायचं. त्याला वाटेल अजून दहा तारीख आहे. चौकट गायब! मग निवांत करा नवं."

दोन दिवस मागे. बटण वहिनींना माहीत होते. खरंच पाच मिनिटांचे काम होते.

"काय? करायचं ना?"

"साहेब, आज पहाटे खाली मूल झालंय. त्याला परवाच्या तारखेला लस टोचली असं लिहायचं?"

साहेबांनी नाक चोळले. "ते नंतर दुरुस्त…"

"आणि सहा नंबरचे आजोबा काल गेले. घड्याळ मागे घेतलं की ते कागदावर परत खाटेवर येतील. त्यांच्या नावानं संध्याकाळचं दूधसुद्धा निघेल." वहिनींचा आवाज चढला नाही, पडला नाही. "तसं आणता येत नाही."

साहेबांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. "किती वेळ लागेल?"

"बनवायला दहा मिनिटं. फिरायला तीन-चार तास. अपघात विभाग आधी."

"मग शंभर वर्षांचं करून टाका. पुन्हा कटकट नको."

"बघते," असे म्हणून वहिनींनी खुर्ची पुढे ओढली.

निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत मास्तरांनी सगळे लिहून ठेवले होते. कोणती ओळ आधी टाइप करायची, कुठे थांबायचे, किल्लीची, म्हणजे सर्व्हरच्या गुप्त आकड्यांची, फाइल कुठे ठेवायची. जुन्याच किल्लीवर, जुन्याच नावाने, नुसती तारीख वाढवूनही काम भागले असते. वहीत तोही मार्ग होता. त्यावर मास्तरांनीच नंतर पेन्सिलीने काट मारली होती.

ती काट केव्हाची, ते वहिनींना ठाऊक होते. वरच्या वॉर्डात, खिडकीपाशी, शेवटच्या आठवड्यात. वही मागवून घेतली, पांघरुणावर ठेवली, काट मारली आणि म्हणाले, "दहा वर्षं भरतील तेव्हा मी नसेन. सगळीकडून काढशील ना माझं नाव? मेलेल्या माणसाच्या सहीवर दवाखाना चालवायचा नाही."

"काढीन."

"घरच्याही मशीनवरून."

"काढीन म्हटलं ना."

"आणि एकटी वाचू नकोस."

यावर त्या "बरं" म्हणाल्या होत्या, आणि त्यांची उशी सरळ केली होती.

पडद्यावर एकेक प्रश्न येऊ लागला. देश. गाव. संस्था. सर्व्हरचे नाव. यांची उत्तरे दहा वर्षांत बदलली नव्हती. मग जबाबदार व्यक्तीचे नाव. समोर कंसात जुने उत्तर तयार होते. नुसते एन्टर दाबले असते तर तेच उमटले असते.

बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेले. एक चाक कुरकुरत होते. ते लांब जाईपर्यंत वहिनी थांबल्या. मग त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. लग्नानंतर मधोमध मास्तरांचे नाव आलेच होते, ते तेवढे राहिले.

किती दिवस, असा पुढचा प्रश्न. निवृत्तीला सहा वर्षे होती. वहिनींनी पाच धरली आणि लीप वर्षाचा एक दिवस बोटांवर मोजून त्यात घातला. अठराशे सव्वीस. शंभर वर्षांनी जुने काढायला त्या पायी येणार नव्हत्या.

नव्या प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे आकडे आणि ए ते एफ अक्षरे मिळून झालेल्या त्याच्या ओळखीच्या बत्तीस जोड्या, छापून घेतल्या, पेन ड्राइव्ह घेतला, यादी घेतली. यादीत सत्तावीस मशीन होती. सव्वीस दवाखान्यात. सत्ताविसाव्यापुढे मास्तरांच्या अक्षरात 'घर' असे लिहिले होते.

अपघात विभागात डॉक्टरीणबाई स्वतः बसल्या ठसा जुळवायला. "वाचा वहिनी, पण भराभर."

"भराभर नाही वाचता येत. सात बी."

"हो."

"शून्य तीन."

"हो."

"ई एक."

बत्तीस वेळा हो झाले. नवे बसले. मग वहिनींनी जुने निवडले. 'कायमचं काढायचं का?' असे मशीनने विचारले. वहिनींनी 'हो' दाबले. मास्तरांचे नाव यादीतून गेले आणि खालची ओळ वर सरकली. लाल चौकट गेली, औषधांची यादी उघडली. डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

रक्त तपासणीच्या काकांनी नेहमीप्रमाणे फिरकी घेतली. "काय वहिनी, दहा वर्षांत एवढंच शिकवलं का मास्तरांनी? ए बी सी डी? तीही एफपर्यंतच?"

"तुम्ही हो म्हणा काका."

"हो, हो. लग्नातसुद्धा एवढ्यांदा म्हटलं नव्हतं हो."

काका स्वतःच हसले आणि हसता हसता जुने काढताना पडद्यावरचे नाव वाचून टेबलावरच्या नळ्या उगाच सरळ लावत बसले. वहिनींनी यादीत खूण केली. चार. पाच. औषधांची खिडकी, सहा आणि सात. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, तेच बोट. सहाव्या-सातव्या वेळेपासून त्या प्रश्न वाचेनाशा झाल्या.

साडेबाराला त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या. आठ महिन्यांत हा जिना त्या चढल्या नव्हत्या. काम निघाले तर फोनवर उरकत. अकरावे मशीन वॉर्डाच्या टोकाला, खिडकीजवळच्या खाटेला लागून होते. त्या खाटेवर आता एक म्हातारे गृहस्थ पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते. पायात लोकरीचे मोजे, एकाला अंगठ्यापाशी भोक.

मोठी सिस्टर खुर्ची ओढून बसली. उंच, हाडापेराने मोठी बाई, आवाज खणखणीत. वहिनींकडे पाहून तिने तो आवाज जरा खाली घेतला. "बसा ना."

"उभीच बरी आहे. सात बी."

"हो."

"शून्य तीन."

म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केले. "लॉटरीचा नंबर आहे का हो? मलाही सांगा, मी काही कुणाला बोलत नाही."

"आजोबा, तुम्ही झोपा बघू," सिस्टर म्हणाली. "तुमचं तिकीट मीच फाडलंय. हां वहिनी, हो."

बत्तिसावा हो झाला. वहिनी जुने काढायला पुढे झाल्या, तशी सिस्टर पडद्याकडे न बघताच म्हणाली, "चार ए, नऊ सी, नऊ सी, शून्य एक."

वहिनींचा हात थांबला. ती जुन्या ठशाची सुरुवात होती.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मास्तर म्हणायचे ना. शेवटचे दोन-तीन दिवस, तुम्ही घरी डबा आणायला गेलात की. डोळे मिटून, हळूहळू, बोटं मोजत. मला वाटलं जप करतायत. मी शेजारच्या खाटेवाल्यांना गप्प बसवायची. म्हटलं, माणूस देवाचं नाव घेतोय." सिस्टरने चष्मा काढून पुसला. "एकदा मध्येच अडले. माझ्याकडे बघितलं. मी आपलं 'हो' म्हटलं. मला काय कळतंय! पण हो म्हटल्यावर पुढचं आठवलं त्यांना. मग मी बसायचेच तिथे. ते म्हणायचे, मी हो म्हणायची."

खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. टाकी भरून वाहत होती, आणि गच्चीवर कुणीच नव्हते. मास्तर असते तर त्यांनी आधी तिकडे फोन केला असता.

"वहिनी," सिस्टर अगदी हळू म्हणाली, "हे एक राहू द्या ना. कुणाला कळणार आहे? नवं चालतंयच की."

"राहिलं, तर घड्याळ मागे नेलं की ते परत चालायला लागतं. म्हणून काढायचं म्हणाले होते."

"कोण नेतंय घड्याळ मागे?"

वहिनींनी जुने निवडले. मशीनने विचारले, कायमचं काढायचं का? या वेळी वहिनींनी ते पूर्ण वाचले. प्रश्नचिन्हापर्यंत वाचले. मग 'हो' दाबले.

"झालं का? लागली का लॉटरी?" म्हाताऱ्याने विचारले.

"लागली आजोबा," सिस्टर म्हणाली आणि उठून त्यांचे पांघरूण नको इतके घट्ट खोचून आली.

अडीचला सव्विसावे मशीन झाले. वहिनी खोलीत परतल्या तेव्हा साहेब दारातच उभे होते.

"झालं सगळं? व्वा. मास्तर असते तर…" एवढे म्हणून साहेब अडखळले. मग म्हणाले, "ते वरच्या प्रिंटरचं पण बघायचं होतं."

"उद्या बघते. आज जरा लवकर जाऊ का? एक राहिलंय."

"कुठलं?"

"घरचं."

साहेबांनी मान हलवली आणि आपल्या खोलीकडे गेले.

वहिनींनी निळी वही कपाटात ठेवली. कॅलेंडरवरचे चौदाचे वर्तुळ खोडावे म्हणून खोडरबर हातात घेतले आणि परत ठेवून दिले. तेवढे काढायचे कबूल केले नव्हते.

घरचे मशीन जेवणाच्या टेबलावर, भिंतीकडच्या बाजूला होते. मास्तर रात्री घरून सर्व्हरवर नजर टाकत ते तिथूनच. मार्चपासून त्याचे झाकण उघडलेले नव्हते. त्यावर एक फडके घातलेले होते आणि वहिनी रोज ते फडके झटकून परत घालत. ते उघडायचे काही अवघड नव्हते. अवघड दुसरेच होते. या आठ महिन्यांत घरात कुणी आलेले नव्हते. येऊ दिले नव्हते. भाऊ आला, त्याला फाटकात भेटल्या. मोठी सिस्टर दोनदा डबा घेऊन आली होती. "मी बरी आहे हो" म्हणत दारातच डबा घेतला आणि तिथल्या तिथेच रिकामा करून परत दिला. दुसऱ्यांदा सिस्टरने चप्पल काढली होती. ती तिने पुन्हा घातली.

खोलीतल्या खुर्चीत बसून वहिनींनी यादी पुन्हा वाचली. मग फोन उचलला.

"सिस्टर, तुमची सुटी किती वाजता होते?"

"तीनला. का हो? परत आली का चौकट?"

"नाही, चौकट नाही." फोनची दोरी वहिनींच्या बोटाभोवती गुंडाळली गेली होती, ती त्यांनी सोडवली. "माझ्याबरोबर घरी येता का? वाचायला दुसरं माणूस लागतं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग तो खणखणीत आवाज आला. "येते ना. चष्मा घेते आणि आलेच."

तीन वाजून पाच मिनिटांनी दोघी बाजूच्या फाटकातून बाहेर पडल्या. सिस्टरने गणवेशावर तपकिरी स्वेटर चढवला होता. पेन ड्राइव्ह वहिनींच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होता आणि ठशाचा कागद हातात. यादी त्यांनी अशी दुमडली होती, की खुणेवाचून राहिलेली शेवटची ओळ वर राहावी.

रस्ता ओलांडताना सिस्टरने कागदाकडे हात केला. "द्या, जरा डोळ्याखालून घालते. तिथे अडायला नको."

वहिनींनी कागद दिला. मग घराची किल्ली पर्समध्ये आहे ना, ते चाचपून पाहिले, आणि बसथांब्याकडे चालू लागल्या.